छापील चित्र आणि घरची भिंत

मुद्राचित्रणातून झालेल्या समाजटीकेचा विषय निघाला, की आपल्याकडील अभ्यासकांची दृष्टी बहुधा युरोपाकडे वळते. हॉगार्थने १७५१ साली लंडनच्या गल्ल्यांतील मद्यपानाचा नरक ताम्रपटावर कोरला. गोयाने स्पेनमधील युद्धाचे क्रौर्य पत्र्यावर उतरविले. ती चित्रमाला त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १८६३ साली, प्रकाशात आली. दोमिएला राजाचे विडंबन केल्याबद्दल १८३२ साली तुरुंगाची वाट धरावी लागली, आणि १८३४ साली पॅरिसच्या एका गल्लीत सैनिकांनी केलेल्या कत्तलीचे त्याने काढलेले चित्र सरकारला इतके झोंबले, की ज्या दगडावर ते काढले होते तो दगडच जप्त करण्यात आला. ही नामावळी आदरणीय आहे. परंतु ती उच्चारून झाल्यावर, महाराष्ट्रात अशी काही परंपराच नव्हती असा जो निष्कर्ष हळूच काढला जातो, तो मला मान्य नाही. दोमिएचे जोडीदार शोधण्यासाठी आपण जुन्या मासिकांची पाने चाळतो, चित्रसंग्रह धुंडाळतो. शोध घ्यावयाचा तो घराच्या भिंतीवर. मराठी समाजात छापील चित्राने जी टीका केली ती मुख्यतः व्यंगाच्या वाटेने आली नाही. कोणाला भिंतीवर मान द्यावयाचा आणि कोणाला खाली उतरवावयाचे, ह्या निर्णयाच्या वाटेने आली.

ह्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक मौजेचा योगायोग उभा आहे. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणीसांच्या मनात भगवद्गीता छापून काढावी असे आले. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या सहवासात मुद्रणाची युक्ती त्यांच्या कानी आली होती, आणि एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला. मॅलेट विलायतेस परतला, १८०० साली नाना निवर्तले, आणि काम अर्धवट राहिले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला व पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता छापून झाली. कै. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात हा वृत्तान्त साधार मांडला आहे. ज्या मुत्सद्द्याला छपाईचे महत्त्व एवढ्या लवकर कळले, त्याचेच चित्र पाऊणशे वर्षांनी पुण्यात दगडावरून छापून निघावे आणि लोकांनी ते विकत घेऊन घरी लावावे, ही गोष्ट केवळ गमतीची नाही.

ते चित्र छापले चित्रशाळेने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा छापखाना १८७८ साली काढला. ते वर्ष कोणते होते हे ध्यानात घेतले पाहिजे. दख्खनचा १८७६–७७ चा दुष्काळ नुकताच माणसे खाऊन गेला होता. दिल्लीस राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार त्याच दुष्काळाच्या ऐन भरात झाला होता. १८७८ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना त्यातून सूट होती. त्याच वर्षाच्या प्रारंभी विष्णुशास्त्री, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ह्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून मराठ्यांच्या बखरी व जुनी काव्ये छापावयास घेतली होती. म्हणजे शब्दावर नजर ठेवणारा कायदा आणि जुन्या स्मृती उकरणारे मासिक ही दोन्ही एका वर्षाची अपत्ये, आणि चित्रशाळा त्यांची धाकटी बहीण.

तिच्या सुरुवातीच्या चित्रांत एक रामपंचायतन होते आणि एक नाना फडणीस. ह्या जोडीत विष्णुशास्त्र्यांचे सगळे धोरण आले. रामपंचायतन कोणत्याही घरात निःशंकपणे लागणार. त्याला कोतवालाची भीती नाही. आणि त्याच्या शेजारच्या खुंटीवर त्याच छापखान्याचे, तशाच रंगांचे, तशाच चौकटीचे नाना लागले, तर देवाच्या पंक्तीला इतिहासपुरुष येऊन बसला. त्या काळच्या इंग्रजी शाळेत मुलांना जो मराठ्यांचा इतिहास शिकविला जाई, त्यात आपले पूर्वज लुटारू आणि कारस्थानी ठरत. नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहून त्याला आव्हान दिले होते, पण तो निबंध वाचणारे किती असणार? चित्राला अक्षरओळख लागत नाही. दिवेलागणीला रामापुढे हात जोडणाऱ्या आजीच्या डोळ्यांपुढे नाना रोज आपोआप येत होते. ह्या चित्रात इंग्रजाविरुद्ध एक रेघसुद्धा नव्हती, म्हणून ते कोणत्याही कलमात बसत नव्हते. राज्य गेल्याची आठवण मात्र ते घरोघर टांगीत होते.

येथे ह्या छपाईची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच हे शक्य झाले. शिळाछापाची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातील सेनेफेल्डरने शोधली. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या फरशीवर तेलकट शाईने आकृती उलटी काढावयाची, दगड पाण्याने ओला करावयाचा आणि वर शाईचा रूळ फिरवावयाचा. पाण्याने भिजलेला दगड शाई घेत नाही; तेलकट रेघ मात्र घेते. कागद दाबला की चित्र सुलटे उमटते. एका रंगाला एक दगड. रंग जितके, दगड तितके, आणि प्रत्येक खेपेस कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर ओठांचा लाल रंग गालावर जातो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली ह्याच रीतीने पंचांग छापले, तेव्हा छापील पंचांगाला हात लावावा की नाही असा सनातन्यांना प्रश्न पडल्याचे सांगतात. अर्धशतकाच्या आत तीच शिळा देवघराच्या भिंतीपर्यंत पोहोचली. हाताने रंगविलेले चित्र राजवाड्यात किंवा सरदाराच्या दिवाणखान्यात असावयाचे; शिळेवरून हजारो प्रती निघू लागल्या तेव्हा कारकुनाला आणि किराणा दुकानदारालाही भिंत सजविता आली.

आमचे अळणावर धारवाड जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन. दांडेलीचा फाटा येथूनच फुटतो. सदर्न मराठा रेल्वेचे रूळ १८८० नंतरच्या दशकात ह्या मुलखात पडले, आणि पुण्यामुंबईचा माल ह्या रानात सहज येऊ लागला. ह्या बाजूच्या जुन्या घरांत अशी चित्रे मी पाहिली आहेत. ती केवळ मराठी घरांत नव्हती. कानडी घरांतही होती. ज्या घरात मराठी पुस्तक कधी आले नाही तेथे मराठी मुलखात छापलेले चित्र आले होते आणि काच-चौकटीसह पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते. सीमेच्या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. ह्या मूक प्रवाशाची गणना मात्र कोणी केलेली नाही.

विष्णुशास्त्री स्वतः शाळामास्तर होते. १८७९ साली त्यांनी सरकारी शाळेची नोकरी सोडली, १८८० च्या प्रारंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, आर्यभूषण छापखान्यास हातभार लावला, आणि १८८२ च्या मार्चमध्ये, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले. चित्रशाळा पुढे वासुकाका जोशी ह्यांनी वाढविली. ते टिळकांचे जिवलग सहकारी. त्यामुळे छापखाना आणि राजकारण ह्यांच्यात भिंत उरलीच नाही. १९१० साली ह्याच संस्थेने ‘चित्रमयजगत्’ हे मासिक काढले.

परंतु ह्या थोर उद्योगाची एक बाजू आपण सोयीने विसरतो. ज्या ‘निबंधमाले’ने इंग्रजी विद्येच्या दिपवण्यातून मराठी मनाला बाहेर काढले, तिनेच जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांची व त्यांच्या भाषेची निर्दय थट्टा केली. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ने जो प्रश्न विचारला होता त्याला मालाकारांनी व्याकरणाच्या चुका काढून उत्तर दिले. चित्रशाळेची भिंतही तशीच राहिली. तिच्यावर परकीय सत्तेला मुकाट्याने विचारलेला प्रश्न आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाने आपल्याला विचारलेला प्रश्न नाही. टीका होती ती घराबाहेर तोंड करून उभी होती. हे म्हणणे विष्णुशास्त्र्यांची थोरवी कमी करण्यासाठी नाही. पण इतिहास शिकविणाऱ्याने नाना फडणीसांचे चित्र दाखवावे आणि त्या भिंतीच्या मागची बाजू दाखवू नये, हे बरे नव्हे.

दुसरा मोठा छापखाना राजा रविवर्म्याचा. १८८४ साली दिवाण टी. माधवरावांनी त्याला आपली चित्रे युरोपात छापून आणविण्याचा सल्ला दिला होता. दहा वर्षांनी त्याने मुंबईतच छापखाना काढला. पुढे प्लेगच्या दिवसांत तो कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीस हलविण्यात आला आणि काही वर्षांनी श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ह्या छापखान्यासाठी काम केले होते. तेथील लक्ष्मी-सरस्वतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची येथे पुनरुक्ती नको. प्रस्तुत विषयाशी संबंध येतो तो गोरक्षणाच्या चित्रांचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ह्या छापखान्यातून निघालेल्या एका चित्रात गाईच्या अंगप्रत्यंगांत चौऱ्याऐंशी देवता बसविल्या आहेत, आणि तलवार उगारलेला एक पशुमुखी राक्षस तिच्यावर चालून येत आहे. पाहणाऱ्याने त्या राक्षसाच्या जागी कोणाला पाहावे हे सांगण्याची गरज नव्हती. १८९३ साली मुंबईत आणि उत्तर हिंदुस्थानात दंगे होऊन गेले होते, आणि सरकार अशा चित्रांकडे धास्तीने पाहू लागले होते. सरकारची धास्ती स्वार्थी असेल; तरी चित्रातले विष खरे होते. छापील चित्राला चळवळीचे हत्यार म्हणून गौरविणाऱ्यांनी हे हत्यार शेजाऱ्यावरही चालले आहे हे नाकारू नये.

राज्यकर्ते एव्हाना शहाणे झाले होते. १८७८ च्या कायद्याचे डोळे वृत्तपत्रांवर होते. १९१० च्या मुद्रणकायद्याने ‘दस्तऐवज’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच रंगविलेले चित्र, रेखाटन, छायाचित्र आणि डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही आकृती घातली. बत्तीस वर्षांत भिंतीवरच्या नानांनी सरकारला एवढे शिकविले होते. त्याच वर्षी ‘निबंधमाले’तील ‘आमच्या देशाची स्थिति’ हा अखेरचा निबंध सरकारजमा झाला. ती बंदी १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर उठली. लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी त्याचे शब्द पकडावयास निघालेल्या सरकारने चित्रे मात्र ताजी असतानाच पकडावयाची असे ठरविले होते.

ज्याला युरोपीय अर्थाने समाजटीका म्हणतात ती मुंबईस आली ती एका बंगाली माणसाबरोबर. चित्तप्रसादचा जन्म १९१५ साली नैहाटीस झाला. भट्टाचार्य हे आडनाव त्याने टाकून दिले, कारण ते जात सांगत होते. १९४३ च्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला आणि उपासमारीने मरणाऱ्या माणसांची चित्रे शाईने काढीत व टिपणे करीत गेला. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक छापून तयार झाले, आणि सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत तेवढी वाचली. तिच्यावरून २०११ साली ते पुस्तक पुन्हा छापले गेले. दोमिएचा दगड आणि ही एक प्रत ह्यांची गोष्ट एकच आहे.

दुष्काळानंतर तो मुंबईत येऊन राहिला. कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांसाठी त्याने चित्रे काढली. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या जननाट्य संघाचे नगारा वाजविणाऱ्या माणसाचे बोधचिन्हही त्याचेच. ही तीच मुंबई, जिच्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर लाल बावटा कलापथक घेऊन गिरणगावात गात होते. १९४८–४९ च्या सुमारास चित्तप्रसाद पक्षापासून दूर झाला आणि अंधेरीतील एका लहानशा जागेत लिनोलियमचे तुकडे कोरीत बसला. ह्या रीतीला शिळा लागत नाही, यंत्रही लागत नाही. फरशीवर घालावयाच्या लिनोलियमचा तुकडा, एक धारदार कोरणी, शाईचा रूळ. कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला तरी ठसा निघतो. जे कोरले ते पांढरे राहते, जे राखले ते काळे उमटते. मधला करडा रंग नाही. चीनमध्ये लू शुन ह्या लेखकाने १९३१ साली शांघायच्या तरुण चित्रकारांना लाकडी ठशांची कला शिकविण्याचा वर्ग भरविला, तोही ह्याच हिशेबाने: गरिबाच्या लढ्याला गरिबाला परवडेल असे हत्यार.

१९५० नंतरच्या वर्षांत चित्तप्रसादने कष्टकरी मुलांवर एक लिनोमाला कोरली. ‘परीकथेवाचून देवदूत’ असा तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो. ज्या वयात गोष्टी ऐकावयाच्या त्या वयात राबणारी ही मुले. मी शाळेचा माणूस असल्यामुळे असेल, पण ती चित्रे पाहताना मला हजेरीपटावरील ती नावे आठवतात, ज्यांच्यापुढे महिनाभर फुल्या पडतात आणि नंतर नाव कमी केले जाते. कारण म्हणून आपण ‘स्थलांतर’ लिहितो. चित्तप्रसाद कारण कोरतो. ही माला १९६९ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि तीही डेन्मार्कमध्ये, तेथील युनिसेफ समितीतर्फे. त्याची चित्रे जपणारे रसिक प्रागमध्ये निघाले. मुंबईत त्याला चार भिंती मिळाल्या नाहीत. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये तो कलकत्त्यास वारला.

असे का व्हावे? श्रीमंताने ही चित्रे लावली नाहीत, ह्यात नवल नाही. पण ज्यांच्यासाठी ती कोरली त्या गिरणी कामगाराने तरी ती आपल्या खोलीत का लावली नाहीत? माझे मत असे, की माणूस आपली जखम भिंतीवर लावीत नाही. ती तो अंगावर वागवितोच. घरी आल्यावर पुन्हा डोळ्यांपुढे नको असते. आपल्याकडचा गरीब माणूस भिंतीवर जे लावतो ते आपण कोण आहोत हे सांगण्यापेक्षा आपण कोणाचे आहोत हे सांगण्यासाठी. चित्तप्रसादच्या रेषेत खोट नव्हती. मराठी घराच्या भिंतीची ही जुनी रीत, जी विष्णुशास्त्र्यांना उपजत कळली होती, ती त्याला परकी होती. किंवा कळली तरी त्याला ती नको होती.

ती रीत ज्याने उलथवून वापरली तो समाज चित्रशाळेच्या गिऱ्हाइकांत कधीच धरला गेला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञा सांगितल्या. ब्रह्मा-विष्णु-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती ह्यांना देव मानणार नाही व त्यांची पूजा करणार नाही, ह्या प्रतिज्ञा त्यांत आरंभीच येतात. त्यांचा अर्थ घरात काय झाला? देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले, आणि भिंतीवरची देवांची चित्रे खाली उतरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी चित्रशाळेने जे रामपंचायतन घरोघर नेऊ केले होते त्याला एका समाजाने विचारपूर्वक निरोप दिला. मोकळ्या झालेल्या खिळ्यावर बुद्ध आला, आणि बुद्धाशेजारी बाबासाहेब: निळा कोट, गोल चष्मा, खिशाला पेन, हातात संविधानाचा ग्रंथ.

ही चित्रे कोणी कोरली नाहीत. ती छायाचित्रांवरून रंगवून यंत्रावर लाखोंनी छापली गेली आणि आजही छापली जातात. कलेचे जाणकार त्यांना मुद्राचित्र म्हणणार नाहीत. त्यांच्या मते मुद्राचित्र म्हणजे चित्रकाराने स्वतः काढलेला, खाली क्रमांक घातलेला, सही केलेला ठसा. हा भेद कलेच्या बाजारात उपयोगी असेल. समाजाच्या इतिहासात वीस प्रतींचे चित्र आणि वीस लाख प्रतींचे चित्र ह्यांपैकी कोणाकडे आधी पाहावयाचे, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. नाना फडणीसांचे चित्र घरात लावण्याने कोणाचे काही बिघडले नाही. बाबासाहेबांचे चित्र लावणाऱ्याला गावात घर भाड्याने मिळेल की नाही, हे पुष्कळदा त्या चित्रावरून ठरत आले आहे; तरीही ते लावले गेले. दारातून आत येणाऱ्याने पहिली नजर टाकताच त्याला कळावे, की ह्या घराने काय नाकारले आहे आणि काय पत्करले आहे. एवढी उघड समाजटीका मराठी मुलखात दुसऱ्या कोणत्याही छापील चित्राने केलेली मला ठाऊक नाही.

धारवाडशी बाबासाहेबांचा संबंध जुना. त्यांच्या शिक्षणसंस्थेने १९२९ च्या सुमारास दलित विद्यार्थ्यांसाठी धारवाडास वसतिगृह चालविले होते. मुंबईहून शिकून आलेले, गिरणीत राबून आलेले, निपाणी-बेळगावकडे नातेसंबंध असलेले लोक ह्या बाजूच्या गावोगाव आहेत. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाणाऱ्यांत तेही असतात. तेथे शिवाजी पार्कच्या बाजूने पुस्तकांच्या दुकानांशेजारी चित्रांची दुकाने लागतात. पुस्तके सुतळीने बांधली जातात. चित्रे गुंडाळून, सुरकुती पडू नये म्हणून, गर्दीच्या डब्यात डोक्यावर धरून आणली जातात. घरी पोहोचल्यावर गेल्या वर्षीचे फिकट झालेले चित्र उतरते आणि त्याच खिळ्यावर नवे चढते.